रोलप्ले सर्व्हरवरील पदे कोणाच्या हाती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन खेळांविषयी मराठी वृत्तपत्रांत जे छापून येते, त्यात बहुतेक वेळा पैशांची फसवणूक, मुलांचे व्यसन किंवा एखादी दुर्घटना असते. त्या बातम्या खोट्या नसतात. पण याच जगात रोज रात्री कितीतरी तरुण मुले-मुली एकत्र येऊन एक काल्पनिक शहर चालवतात. त्या शहराला पोलीस खाते असते, रुग्णवाहिका सेवा असते, न्यायालय असते, आणि ही खाती सांभाळण्यासाठी माणसे नेमावी लागतात. ती कशी नेमली जातात याविषयी कोणी लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही. मी गेली चार वर्षे अशा एका शहरात खेळते आहे. तिथल्या रुग्णवाहिका सेवेच्या प्रमुखपदासाठी मी गेल्या वर्षी अर्जही केला होता. त्या अनुभवातून जे उमगले ते पालकांपुढे आणि असे सर्व्हर, म्हणजे अशी शहरे, चालवणाऱ्या मराठी तरुणांपुढे ठेवावे, म्हणून हे पत्र.

ज्यांना या प्रकाराची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. 'ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह' हा खेळ 2013 साली आला आणि 2015 मध्ये संगणकावर आला. फाइव्हएम नावाच्या सॉफ्टवेअरमुळे त्या खेळातले शहर घेऊन कोणालाही स्वतःचा सर्व्हर उभारता येतो आणि त्यावर आपले नियम लावता येतात. ते सॉफ्टवेअर बनवणारी मंडळी ऑगस्ट 2023 मध्ये मूळ कंपनीत, म्हणजे रॉकस्टार गेम्समध्ये, सामील झाली. तरी सर्व्हर मात्र खासगीच राहिले. रोलप्लेमध्ये जिंकणे-हरणे नसते. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे, त्याला नाव-गाव आणि पूर्वायुष्य द्यायचे, आणि माइकवरून त्याच पात्राच्या तोंडाने बोलायचे. आवाज फक्त जवळ उभ्या असलेल्यांना ऐकू जातो, त्यामुळे चहाच्या टपरीवर बसल्यासारख्या गप्पा होतात. पात्र सोडून स्वतःविषयी बोलणे हा नियमभंग समजला जातो, आणि तो का समजला जातो हे मला पटते. नाटक चालू असताना नटाने मध्येच भाजी कोणती केली आहे हे विचारले तर नाटक मोडते.

मी पुण्यातील एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. दिवसभर जे करतेस तेच रात्री खेळात का करतेस, असे घरचे विचारतात. माझे उत्तर असे की तिथे रुग्ण दगावत नाही, आणि तिथे मी नव्या मुलांना शिकवू शकते. खेळात जखमी माणसाजवळ गेल्यावर कृती टाईप करून सांगावी लागते. त्या कमांडचे नाव इंग्रजीत 'मी' असे आहे आणि योगायोगाने ते आपल्या 'मी'शी जुळते. 'मानेला कॉलर लावते, मनगट धरून नाडी पाहते' असे आपण लिहायचे. समोरच्याने 'नाडी जलद, श्वास उथळ' असे उत्तर द्यायचे. सेवेत नव्याने येणारी मुले घाईघाईने इंजेक्शन देऊन मोकळी होत. मी त्यांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत असे, की आधी नाव विचारा, मग जखम पाहा. प्रत्यक्ष अपघात विभागातही आम्ही हेच करतो, कारण नावाला मिळणाऱ्या उत्तरातूनच माणूस कितपत शुद्धीवर आहे ते समजते.

गेल्या वर्षी जूनमधल्या एका रात्री, बारा वाजून गेल्यावर, पुलाखाली एक जण पडल्याचा निरोप आला. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलाचे ते पात्र होते आणि त्या आठवड्यात त्याच पुलाखाली ते तिसऱ्यांदा सापडले होते. मी शेजारी बसून नाव विचारले. त्याने पात्राचे नाव सांगितले आणि मग जरा थांबून म्हणाला, "ताई, या वेळी उठवू नका." आवाज बदलला होता. मी आणखी विचारले तेव्हा तो पात्र सोडून स्वतःच्या निकालाविषयी आणि घराविषयी बोलू लागला. पलीकडे उभ्या असलेल्या कोणीतरी तक्रार टाकली. दोन मिनिटांत ड्यूटीवरचा स्टाफ, म्हणजे सर्व्हरवर देखरेख करणारा, आला, त्याने त्या मुलाचा माइक बंद केला आणि 'फेल आरपी', म्हणजे भूमिका मोडली, या कारणाखाली त्याला सर्व्हरवरून बाहेर काढले. माझ्या पुढ्यातले पात्र नाहीसे झाले आणि मोकळा रस्ता राहिला.

डिस्कॉर्ड या खेळाडूंच्या गप्पांच्या अॅपवर त्याचे खाते शोधायला मला अकरा मिनिटे लागली. ती अकरा मिनिटे मी अजून विसरलेले नाही. तो सापडला. घरात कोण आहे असे विचारल्यावर मावशी शेजारच्या खोलीत असल्याचे त्याने सांगितले, आणि तिला उठवेपर्यंत मी त्याच्याशी बोलत राहिले. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तिचा 14416 हा क्रमांक मी मावशींना दिला. मुलगा आज ठीक आहे, पुढच्या वर्गात आहे, आणि त्याची ओळख पटेल असे काही मी येथे लिहिलेले नाही. ज्याने त्याला बाहेर काढले तो स्टाफसुद्धा बारावीतला मुलगा होता. त्याच्याविषयी माझ्या मनात राग नाही. त्याला जे शिकवले होते तेच त्याने केले. नियम मोडणारा ओळखायला त्याला शिकवले होते, अडचणीत असलेला ओळखायला नव्हते. एवढ्या रात्री सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती शेकडो लोकांना शहराबाहेर काढण्याचा अधिकार कोणी आणि काय पाहून दिला, हा माझा प्रश्न आहे.

त्यानंतर दोन महिन्यांनी रुग्णवाहिका सेवेचे प्रमुखपद रिकामे झाले आणि अर्ज मागवले गेले. मी तो अर्ज नोकरीच्या अर्जापेक्षा अधिक काळजीने भरला, हे मोकळेपणाने सांगते. त्यात वय विचारले होते, आठवड्याला किती तास देणार ते विचारले होते आणि किमान 25 तासांची अट होती. पूर्वी कधी बॅन झाला आहात का, स्ट्रीमिंग करता का, म्हणजे आपला खेळ इंटरनेटवर थेट दाखवता का, करत असाल तर पाहणारे किती, हे विचारले होते. मेटागेमिंग (पात्राला माहीत नसलेली माहिती खेळात वापरणे) आणि पॉवरगेमिंग (समोरच्याला संधी न देता आपल्या मनासारखे घडवणे) यांच्या व्याख्या लिहायच्या होत्या. पात्राचे पूर्वायुष्य किमान 500 शब्दांत हवे होते. एक प्रश्न चांगला होता: तुमच्या हाताखालचे दोघे जण रुग्णासमोरच भांडू लागले तर काय कराल? त्यावर मी पानभर लिहिले. पण आवाजावरून लहान वाटणारा खेळाडू रात्री दोन वाजता एकटा सापडला तर काय कराल, एखाद्या मुलीने माइक सुरू करताच तिच्याशी घाणेरडे बोलले गेले आणि बोलणारा तुमचा मित्र असला तर काय कराल, तुमच्या निर्णयाविरुद्ध कोणी दाद मागितली तर ती कोण ऐकेल, यांपैकी एकही प्रश्न अर्जात नव्हता. मुलाखत व्हॉइस चॅनेलवर झाली. तिघांनी प्रश्न विचारले. त्यांतले दोघे माझ्यापेक्षा निम्म्या वयाचे असावेत. वयाने लहान असणे हा दोष नाही, आणि ते माझ्याशी आदरानेच बोलले. पण साऱ्या मुलाखतीचा भर नियम पाठ आहेत का यावर होता.

आठवड्याने निकाल लागला. अर्जापुढे लाल खूण आणि 'नाकारला' एवढा एक शब्द. कारण विचारले तर कारणे दिली जात नाहीत असे सांगण्यात आले. पद ज्यांना मिळाले त्यांनी सेवेत तीन आठवडे काम केले होते आणि सर्व्हरच्या सर्वांत महागड्या 'सपोर्टर' योजनेचे पैसे भरले होते. त्यांच्या क्षमतेविषयी मी काही म्हणणार नाही, कारण त्यांचा अर्ज मला वाचायला मिळाला नाही, आणि कोणालाच मिळाला नाही. माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. त्या सर्व्हरचे नाव मी येथे देत नाही, कारण अशी पद्धत एकाच सर्व्हरवर आहे असे नाही. अनेक ठिकाणी खेळलेल्या मित्रमैत्रिणींकडून मी असेच अनुभव ऐकले आहेत.

खेळातल्या अधिकाराचा हा प्रश्न बराच जुना आहे. 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' हा अनेकांनी एकाच वेळी खेळायचा, केवळ मजकुराचा खेळ उभा केला. त्यात पुरेसे गुण मिळवणारा खेळाडू 'विझार्ड' होत असे आणि त्याला इतरांवर अधिकार मिळत. म्हणजे जो चांगला खेळतो तोच चांगला कारभार करील, असे त्या रचनेत गृहीत धरलेले होते, आणि आज स्ट्रीमवर पाहणारे किती हे विचारणारा अर्ज त्याच गृहीतकावर उभा आहे. याच्या उलट टोकाचे उदाहरण 'लॅम्डामू' या जगाचे. अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिस यांनी ते 1990 मध्ये सुरू केले. रोजच्या भांडणांत न्यायाधीश होण्याला कंटाळून त्यांनी 1992 च्या अखेरीस जाहीर केले की विझार्ड, म्हणजे तिथले व्यवस्थापक, यापुढे फक्त तांत्रिक काम पाहतील, माणसांमधले प्रश्न माणसांनी सोडवावेत. काही महिन्यांतच, 1993 मध्ये, एका खेळाडूने एका प्रोग्रामच्या आधारे इतरांच्या पात्रांवर त्यांच्या इच्छेविरुद्ध लैंगिक हिंसा घडत असल्याचे वर्णन सर्वांसमोर चालवले. ज्यांची ती पात्रे होती त्या खऱ्या माणसांना त्याचा खरा त्रास झाला. सर्वांची सभा भरली, पुष्कळ बोलणे झाले, पण निर्णय घेण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता. अखेर एका विझार्डने एकट्याच्या जबाबदारीवर ते खाते काढून टाकले. कर्टिस यांना परत येऊन, खेळाडूंनी मागणी मांडायची आणि तिच्यावर मतदान घ्यायचे, अशी पद्धत घालून द्यावी लागली. अधिकाराची नीट व्यवस्था नसली की अधिकार नाहीसा होत नाही, तो ज्याच्या हाती कळ आहे त्याच्याकडे जातो, हे त्या घटनेतून इतके स्पष्ट दिसते की प्रत्येक सर्व्हर-मालकाने ती माहीत करून घ्यावी असे मला वाटते.

नंतरच्या काळात बरे प्रयोगही झाले. 'ईव्ह ऑनलाइन' या आइसलँडच्या कंपनीच्या खेळात 2008 पासून खेळाडूंनी मतदानाने निवडलेले मंडळ आहे. पण इतके दूर जाण्याचेही कारण नाही. मराठी विकिपीडिया 2003 पासून चालू आहे. तिथे देखरेख करणाऱ्याला प्रचालक म्हणतात आणि सार्वजनिक चर्चेच्या पानाला चावडी हे आपले जुने नाव दिलेले आहे. प्रचालक होऊ इच्छिणाऱ्याची विनंती, त्यावर लोकांनी दिलेला कौल, घेतलेले आक्षेप आणि त्यांना दिलेली उत्तरे, हे सारे कोणालाही वाचता येते आणि वर्षानुवर्षे तसेच राहते. त्यातही वाद होतात. पण वाद झाला तर तो कशावरून झाला हे तरी नंतर येणाऱ्याला समजते. आपल्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचा अध्यक्षसुद्धा बैठक घेऊन, सर्वांसमोर ठरतो. गृहनिर्माण संस्थेत निवडणूक होते, सभेचे इतिवृत्त लिहिले जाते. ज्या मुलांच्या घरी हे सारे रोजच्या पाहण्यातले आहे, त्यांनी स्वतः शहर उभारताना मात्र दार बंद करून नेमणुका कराव्यात, याचे मला वाईट वाटते.

पैशांविषयी थोडेच लिहिते. सर्व्हर चालवायला खर्च येतो आणि तो खेळणाऱ्यांनी उचलावा यात गैर काही नाही. रॉकस्टारने नोव्हेंबर 2022 मध्ये रोलप्ले सर्व्हरसाठी मर्यादा जाहीर केल्या, त्यांत खऱ्या पैशांच्या 'लूट बॉक्स'ची (आत काय निघेल हे आधी न कळणाऱ्या पेट्यांची) विक्री, क्रिप्टो आणि कंपन्यांचे प्रायोजकत्व यांना मनाई केली. देणगीदाराला वेगळ्या रंगाचे नाव द्या, गाडी ठेवायला जास्त जागा द्या. इतरांच्या तक्रारीवर निर्णय देण्याचे पद मात्र देणगीला जोडू नका. दुसऱ्या बाजूने, हे काम फुकट केले जाते याचाही विचार व्हायला हवा. आठवड्याला 25 तास म्हणजे अर्ध्याहून अधिक नोकरी झाली. अमेरिकेत एओएल कंपनीच्या चॅटरूम सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांना ठरलेल्या पाळ्या आणि प्रशिक्षण असे. त्यांच्यापैकी काहींनी 1999 मध्ये वेतनासाठी दावा लावला आणि 2010 मध्ये कंपनीने दीड कोटी डॉलर देऊन तो मिटवला. आपल्याकडच्या पोरांच्या सर्व्हरवर कोणी दावा लावणार नाही, पण परीक्षेच्या महिन्यात तास भरले नाहीत म्हणून बारावीच्या मुलाला पदावरून काढल्याचे मी पाहिले आहे, आणि ते अन्यायाचे होते.

वयाच्या पडताळणीचा मुद्दा पालकांनी नीट लक्षात घ्यावा. युरोपीय मानांकनात हा खेळ 18 वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. डिस्कॉर्ड 13 वर्षे पूर्ण झालेल्यांना खाते उघडू देते. या दोन आकड्यांमधल्या वयाची मुले खोटे वय सांगून सर्व्हरवर येतात, हे सर्वांना माहीत आहे. त्यावर उपाय म्हणून काही ठिकाणी अर्जदाराकडून आधार कार्डाचा फोटो मागितला जातो. माझ्याकडेही मागितला होता आणि मी दिला नाही. तो फोटो कोणा अनोळखी मुलाच्या फोनमध्ये जाऊन पडणार असतो. खुद्द डिस्कॉर्डने ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितले की त्यांच्या एका बाहेरच्या सेवा-पुरवठादाराकडून सुमारे 70,000 लोकांच्या ओळखपत्रांची छायाचित्रे उघड झाली असावीत. एवढ्या मोठ्या कंपनीच्या बाबतीत जर हे घडू शकते, तर चार मित्रांच्या सर्व्हरने कोणाचेही आधार कार्ड साठवून ठेवू नये. पद देण्याआधी व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटे बोलावे, सेवेत किमान सहा महिने काढलेल्या दोघांनी त्या व्यक्तीची ग्वाही द्यावी, आणि वयाविषयी शंका राहिली तर पद देऊ नये. खेळू द्यावे की नाही हा वेगळा प्रश्न आहे. इतरांना शिक्षा करण्याचा अधिकार 18 वर्षांखालील कोणालाही नसावा, आणि याबाबतीत मला मधला मार्ग दिसत नाही. आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यातही 18 वर्षांखालील व्यक्तीला मूलच मानले आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्याने बंदी घातली, ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक खेळांना उत्तेजन द्यायचे ठरवले. ते योग्यच झाले. परंतु रात्री एक वाजता ड्यूटीवर कोण बसावे हे कोणताही कायदा ठरवू शकणार नाही. ते सर्व्हर चालवणाऱ्यांनाच ठरवावे लागेल, म्हणून माझी विनंती त्यांनाच आहे. पदासाठी आलेले अर्ज, खासगी तपशील वगळून, सर्व सदस्यांना आठवडाभर वाचता येऊ द्यावेत. नाकारलेल्या प्रत्येकाला दोन ओळींत कारण कळवावे. ते लिहिताना निवडणाऱ्यालाही आपले कारण तपासून पाहावे लागते. पदाला सहा महिन्यांची मुदत असावी. बाहेर काढलेल्या खेळाडूची दाद, ज्याने काढले त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी ऐकावी. आणि स्टाफच्या प्रशिक्षणात नियमांच्या आधी हे शिकवले जावे की समोरचा माणूस भूमिका सोडून स्वतःविषयी बोलू लागला तर माइक बंद करायचा नाही, त्याला वेगळ्या चॅनेलवर घ्यायचे, घरात मोठे कोण आहे ते विचारायचे आणि 14416 हा क्रमांक द्यायचा. लहान मूल असेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन. हे दोन्ही क्रमांक सर्व्हरच्या पहिल्या पानावर लावायला एक पैसाही लागत नाही.

पालकांनाही एक सांगावेसे वाटते. आपला मुलगा किंवा मुलगी अशा एखाद्या पदासाठी अर्ज भरत असेल तर त्याला 'फालतूपणा' म्हणून उडवून लावू नका. तो अर्ज वाचायला मागा. भांडण मिटवणे, नव्या माणसाला शिकवणे, स्वतःचा निर्णय चुकला तर तो मागे घेणे, याविषयी आपल्या मुलांनी जे लिहिले असेल ते कदाचित घरात त्यांनी कधी बोलून दाखवलेले नसेल. माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीने लिहिले होते की तिला रुग्णवाहिका चालवायची नाही, तिला मागे रुग्णाजवळ बसायचे आहे. ती आता नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. खेळामुळेच ती तिकडे गेली असा माझा दावा नाही, पण ते वाक्य तिने आधी त्या अर्जात लिहिले होते.

प्रमुखपदासाठी पुढच्या महिन्यात पुन्हा अर्ज मागवले जाणार आहेत आणि मी पुन्हा भरणार आहे. अर्जाच्या शेवटी 'आणखी काही सांगायचे आहे का' असा एक रकाना असतो. मागच्या वेळी तो मी रिकामा सोडला होता. एका मुलाच्या अडचणीचा उपयोग आपल्याला पद मिळवण्यासाठी करू नये, असे तेव्हा वाटले होते. आता त्या मुलाला विचारून, त्याच्या होकारानंतर, मी तिथे जूनमधली ती रात्र लिहिणार आहे.

आपली विश्वासू,
एक परिचारिका, पुणे